अनासियाच्या मागे कोण उभं राहिलं

वाउटर साहेबांना सहा वर्षांत बिबट्या दिसला नव्हता, आणि त्यात माझाच काही दोष असल्यासारखे ते दर सुट्टीत माझ्याकडे बघायचे. सिंह दाखवले, चित्ते दाखवले, गेंडा दाखवला, एकदा तर हत्तीण बाळंत होताना दाखवली. पण नाही. "एलिसांते, बिबट्या राहिला हं!" जसा काही मी तो घरच्या कपाटात ठेवून कामावर येतो.

मी अरुशातल्या एका सफारी कंपनीची गाडी चालवतो. अठरा वर्षं झाली. साहेब डच, इथे बियाण्यांच्या प्रकल्पावर आहेत. बायको मारियन आणि दहा वर्षांची मुलगी फेना. शाळेला सुट्टी लागली की या तिघांना मीच लागतो, दुसरा ड्रायव्हर चालत नाही. माणसं वाईट नाहीत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. घालायच्याच तर मला घाला.

त्यांच्या सुट्टीचे दोन भाग असतात. जाताना प्राणी, येताना माणसं. प्राणी दुर्बिणीतून बघायचे आणि माणसांना पेन्सिली वाटायच्या. आफ्रिकेत राहून आपल्या लेकीने नुसते हत्ती बघत मोठं व्हावं, हे मारियनबाईंना पटत नाही. म्हणून परतीच्या वाटेवर एखादी मसाई वस्ती, एखादी शाळा, एखादं बायकांचं मंडळ ठरलेलंच. मागच्या सीटखाली पेन्सिलींचं खोकं कायम असतं.

या डिसेंबरात मात्र माझ्या सीटमागे आणखी एक गोष्ट लटकत होती. माझा कोट, इस्त्री करून, प्लास्टिकच्या पिशवीत.

"काका, हा कोट कुणाचा?" फेनाने पहिल्याच दिवशी विचारलं. ही पोरगी स्वाहिली बोलते ती अगदी आमच्या पोरांसारखी, सांभाळणाऱ्या बाईकडून शिकलीय. तिच्या आईबापाला दुकानात मीठ मागण्यापुरती येते.

"माझा."

"जंगलात कोट कशाला?"

"सिंहाला भेटायला जाताना घालावा लागतो. तो मोठा माणूस आहे."

ती हसली आणि विषय संपला. मीच संपवला. खरं सांगायचं तर रविवारी माझ्या लेकीचं, अनासियाचं, चर्चमध्ये दृढीकरण होतं. पोर दोन वर्षं दर शनिवारी चर्चच्या शिकवणीला गेली होती. त्या दिवशी पाद्रीबुवा एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि आमच्या मंडळीत त्या वेळी मुलाच्या मागे बाप उभा राहतो, खांद्यावर हात ठेवून. एवढंच. दोन मिनिटांचं काम. पण ते आयुष्यात एकदाच होतं आणि बाप असला तर बापानेच करायचं असतं. माझ्या मोठ्याच्या, गादिएलच्या वेळी मी नव्हतो. गाडीचा पाटा तुटून न्दुटूच्या चिखलात अडकलो होतो आणि त्याच्या मागे माझा थोरला भाऊ सिफाएली उभा राहिला होता. गादिएल अजून कधीकधी म्हणतो, "मला काय, मला दोन बाप आहेत." सगळे हसतात. मीही हसतो.

अनासियाने निघताना विचारलं होतं, "नक्की ना, बाबा?"

"कागदावर लिहिलंय गं, शनिवारी संध्याकाळी पाचला परत. तुझ्या आधी मी तयार होऊन बसेन."

तुम्ही म्हणाल, पाहुण्यांना सांगायचं नाही का सरळ? आमच्या धंद्यात तसं नसतं. पाहुणे मजा करायला आलेले असतात. ड्रायव्हरच्या पोराला ताप नसतो, बायकोची कटकट नसते, गावात मयत नसतं. माझी आई गेली तेव्हा मी एका जर्मन जोडप्याला एन्गोरोन्गोरोच्या विवरात फिरवत होतो. फोन ठेवला, मागे वळलो आणि म्हणालो, "डावीकडे बघा, शहामृग." टायर फुटू दे, हत्ती मागे लागू दे, आमचं वाक्य एकच. काही अडचण नाही. ते वाक्य म्हणता म्हणता माझी जीभ अशी झालीय की दुसरं काही तिच्यावर बसतच नाही.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही जंगलातल्या सेरोनेराच्या मुक्कामाहून निघालो. सामान बांधलेलं, डबे घेतलेले, सगळं वेळेत. मी मनातल्या मनात शीळ घालत होतो. तेवढ्यात रेडिओ खरखरला. पलीकडे हारुना होता, माझा जुना दोस्त, फाटक्या तोंडाचा.

"अरे, कोण आहे नदीच्या वळणाजवळ? मोठ्या झाडावर बिबट्याची मादी बसलीय! दोनच गाड्या आहेत अजून. पळा रे, नंतर जत्रा भरेल!"

मी हळूच आवाज कमी केला. आम्ही रेडिओवर स्वाहिलीत बोलतो ते याचसाठी की पाहुण्यांना कळू नये. आणि माझ्यासारख्या दीडशहाण्याला त्या क्षणी आठवलं नाही की मागे एक पाहुणी बसलीय जिला सगळं कळतं.

"बाबा!" फेना किंचाळली. "बिबट्या! नदीच्या वळणावर, झाडावर! काका, वळवा ना!"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.  चाळीस-पंचेचाळिशीचा माणूस, आणि लहान पोरासारखा सीटच्या कडेवर सरकून बसला! मी गाडी वळवली.

झाडावर बिबट्या होता हे खरं. म्हणजे शेपूट होतं. बाकी सगळी बाई पानांत. ते शेपूट अर्ध्या तासाने एकदा हलायचं, आणि ते हललं की साहेब श्वास रोखायचे.

"उतरेल ना ती?"

"उतरेल, साहेब."

दहा वाजले. अकरा वाजले. पंधरा-सोळा गाड्या जमल्या. हारुना शेजारी गाडी लावून खिडकीतून म्हणाला, "काय रे, तुला तर आज लवकर जायचं होतं ना?"

"तुझ्या तोंडाला कुलूप असतं तर गेलो असतो."

"मग सांग की त्यांना. माणसंच आहेत ती."

"तू सांगतोस का तुझ्या पाहुण्यांना काही?"

हारुनाने काच वर घेतली. साडेअकराला साहेबांनी घड्याळ बघितलं. आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे हेच मला खात राहिलं. त्यांनी वळून मला नीट विचारलं, "एलिसांते, आपल्याला वेळ आहे ना? तुला काही घाई नाही ना?"

तोंडाशी आलं होतं. 'साहेब, माझ्या मुलीचं उद्या...' एवढंच म्हणायचं होतं. ते लगेच निघाले असते, मला खात्री आहे.

"काही अडचण नाही," मी म्हणालो.

दीड वाजता ती बया खाली उतरली, एक आळस दिला, आणि गवतात गेली. साहेब रडले. खरंच डोळे पुसले त्यांनी. मलाही रडायला येत होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

वाटेतल्या एन्गोरोन्गोरोच्या अभयारण्यातून बाहेर पडायचं फाटक संध्याकाळी सहाला बंद होतं. मी गाडी अशी हाणली की मारियनबाई दोन्ही हातांनी दांडा धरून बसल्या. नाबीच्या टेकडीवरच्या नाक्यावर कागद दाखवायला रांग, पुढे चढावर पाऊस, धुकं, आणि धुक्यात आडवा पडलेला एक ट्रक. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! फाटकाशी पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पहारेकऱ्याच्या मी हातापाया पडलो.

"मामा, मला ओळखतोस तू. पोरीचं दृढीकरण आहे रे उद्या."

"ओळखतो म्हणूनच सांगतो, सकाळी सहाला ये. माझी नोकरी घालवतोस का?"

गाडीत परत आलो तर साहेब विचारतात, "काय म्हणाला?" मी सांगितलं, इथेच मुक्काम करावा लागेल. तिघांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. आणखी एक रात्र जंगलात!

रविवारी पहाटेपासून मी गाडी सुरू करून उभा. साहेबांना धुक्यातलं विवर बघत कॉफी प्यायची होती. सव्वासातला निघालो. माझा हिशोब सोपा होता. प्रार्थना दहाला सुरू होते, गाणी, वाचन, प्रवचन. मुलांना पुढे बोलवेपर्यंत साडेअकरा. मुलं बेचाळीस, एकेकाला दोन मिनिटं. कुठेही न थांबता गेलो तर अजून जमणार होतं.

पण मधे ती ठरलेली मसाई वस्ती होती. म्टो वा म्बू गावाच्या पुढे, रस्त्याला लागून. आदल्या दुपारीच जायचं ठरलेलं, बायका नटून थटून वाट बघत बसलेल्या आणि आम्ही बिबट्याच्या शेपटाखाली. आता परत चुकवणं मारियनबाईंना अपराधासारखं वाटत होतं. "फक्त दहा मिनिटं, एलिसांते. पेन्सिली देऊ आणि निघू."

गोऱ्यांची दहा मिनिटं मी ओळखतो.

बायकांनी स्वागताचं गाणं म्हटलं. पोरांनी उड्या मारल्या. लहान मुलं एकेक करून पुढे आली आणि साहेबांसमोर डोकी खाली घातली, त्यावर वडीलधाऱ्याने हात टेकवायचा असतो. साहेब एकेका डोक्यावर मन लावून हात ठेवत होते आणि मी बघत उभा होतो. वीसेक डोकी असतील. 

वस्तीचे म्हातारे, लेंगाई मामा, माझ्याजवळ सरकले. आमची ओळख जुनी.

"काय रे एलिसांते, हे आज जाणार आहेत की नाही? मला गुरं पाण्यावर न्यायचीत."

"मलाही जायचंय, मामा. तुम्ही गाणं थांबवा ना."

"मी कसं थांबवू? पाहुणे आहेत. तू त्यांना ने."

"मी कसं नेऊ? पाहुणे आहेत."

म्हाताऱ्याने पेन्सिलींच्या खोक्याकडे बघितलं. "आणि हे परत? अरे, या वर्षातलं चौथं खोकं. शाळेत मास्तर नाही आमच्याकडे. या काड्यांचं काय सरपण करू?"

बाजूला फेना उभी होती. तिने ऐकलं, तोंडावर हात दाबून हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. मामांनी मात्र लगेच चेहरा बदलला, पुढे झाले, दोन्ही हातांनी खोकं घेतलं आणि साहेबांना असा आशीर्वाद दिला की बस. तेव्हा मला कळलं, माझ्यासारखे खूप आहेत. म्हणून काही बरं वाटलं नाही.

सव्वादहाला निघालो. मकुयुनी गावाशी, अरुशाच्या दीड तास अलीकडे, फोनला रेंज आली आणि तो लगेच वाजला. अनासियाची आई.

"कुठे आहात?"

"मकुयुनी."

पलीकडे चर्चमधलं गाणं, माणसांचे आवाज. ती ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बरं. भावजींना उभं राहायला सांगते."

"थांब, अगं, मी येतोय! बेचाळीस मुलं आहेत!"

"पाद्रीबुवांनी यंदा उंचीने उभं केलंय. बुटकी पुढे. आपली दुसरी आहे." मग जरा थांबून म्हणाली, "सावकाश चालवा. रस्ता ओला आहे." आणि फोन ठेवला.

 आज पुढे माझ्या शेजारी बसलेल्या फेनाने फोनमधलं सगळं ऐकलं होतं; ती स्वाहिलीत म्हणाली, "काका, कोट त्यासाठी होता?"

मी गिअर बदलला. तिने मागे वळून आपल्या भाषेत आईबापाला सगळं सांगितलं असणार, कारण मारियनबाईंचा आवाज चिरकला, "एलिसांते! तू बोलला का नाहीस?"

"काही अडचण..." म्हणालो आणि गिळलं.

"आम्ही पण येणार," साहेब म्हणाले. "तुझी मुलगी म्हणजे काय! आम्ही सगळे येणार. चालव!"

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणतात ते हेच. कारण अरुशात शिरल्यावर मारियनबाई म्हणाल्या, अशा धुळीच्या कपड्यांनी चर्चमध्ये जाणं म्हणजे तुमचा अपमान. घर वाटेवरच आहे, पाचच मिनिटं. अंघोळी झाल्या. साहेबांनी टाय शोधला. मी फाटकाबाहेर गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत होतो आणि मीच काल त्यांना सांगायला हवं होतं हे मला माहीत होतं, म्हणून आणखी जोरात आपटत होतो. चाळीस मिनिटांनी तिघं बाहेर आली ती लग्नाला निघाल्यासारखी. मारियनबाईंच्या हातात घरच्या दुसऱ्या खोक्यातल्या पेन्सिलींचा जुडगा होता, लाल रिबिनीने बांधलेला. फेना आईला काहीतरी पुटपुटत होती, बाही धरून मागे ओढत होती. आईने ऐकलं नाही.

चर्च कधीच सुटलं होतं. आमच्या घरामागच्या केळीच्या बागेत मांडव घातला होता, गाणी लागली होती, अख्खा भाजलेला बोकड टेबलावर बसवून ठेवला होता. मी फाटकाशी गाडी लावली. कोट काढायला मागे हात घातला, तेवढ्यात शहरातून आणलेला सूत्रसंचालक माइक घेऊन धावत आला. त्याने माझा खाकी सदरा बघितला, खिशावरचा कंपनीचा हत्ती बघितला.

"पाहुणे आले, पाहुणे! टाळ्या! ड्रायव्हर भाऊ, गाडी जरा तिकडे घ्या, पाण्याच्या टाकीजवळ, वाट मोकळी ठेवा."

मी घेतली. माझ्याच अंगणात. 

परत आलो तेव्हा सिफाएलीने तिघांना मुख्य टेबलावर बसवलं होतं. आमच्यात पाहुणा आला की घराचं दुखणं बरं होतं म्हणतात, लांबून आलेल्याला वरची जागा द्यायचीच. खुर्च्या पाच होत्या. मधे अनासिया, पांढऱ्या झग्यात, डोक्यावर फुलांची कडी. एका बाजूला तिची आई. माझ्या खुर्चीवर साहेब बसले होते. त्यांना काय ठाऊक! लोशोरोचा, म्हणजे आमच्या मका-ताकाच्या लापशीचा, वाडगा हातात घेऊन ते सगळ्यांकडे बघून हसत होते आणि मारियनबाई फोटो काढत होत्या. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. सिफाएली जवळ आला.

"अरे, मी सांगतो त्यांना उठायला."

"नको. राहू दे."

"मी तुझ्या जागी नुसता उभा होतो हं. जागा तुझीच."

"माहीतेय, दादा."

मग केक आला. मुलीच्या मागे जो उभा राहिला त्याला पहिला घास, ही आमच्याकडची रीत. सूत्रसंचालक ओरडला, "आणि आता पहिला घास... बाबांना!" माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. अनासियाने काडीला केकचा तुकडा टोचला. माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, खाकी सदरा, धुळीचे बूट. मग ती वळली आणि सिफाएलीकडे गेली. त्याने मान मागे घेतली. ती थांबून राहिली. शेवटी त्याने तोंड उघडलं. दुसरा घास आईला. मग पाहुणे, एकेक करून. मारियनबाईंनी तिला मिठी मारली, पेन्सिलींचा जुडगा दिला. पोरीने दोन्ही हातांनी घेतला, गुडघ्यात वाकून आभार मानले. फेनाने मान खाली घातली होती.

शेवटी ती खांबापाशी आली. पंधरा वर्षांची माझी बुटकी. मला वाटलं, रडेल. ओरडेल तरी. मी तयारच होतो.

"अनासिया," मी म्हणालो, "मी निघालोच होतो गं, पण..."

तिने केकचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि हसली. गोड, व्यवस्थित, दात दाखवून.

"काही अडचण नाही, बाबा," ती म्हणाली, आणि पाहुण्यांना आणखी काही हवंय का ते बघायला गेली.

अठरा वर्षं हे वाक्य मी तसंच हसून म्हणत आलोय. त्याच्या मागे काय असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.